नळीवरची लाल रेघ

माझी सून नळ्या करते. कोणी विचारलं की मी असंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर एकदा सकाळी सकाळी दार वाजवलं होतं, नळ गळतोय, जरा हिला पाठवता का म्हणून. ती बिचारी गेलीसुद्धा. नळाकडे बघून म्हणाली, "काकू, मला यातलं काडीचंही कळत नाही, पण प्लंबरचा नंबर देते." त्यानंतर कितीतरी दिवस काकू जिन्यात भेटल्या की माझ्याकडे संशयाने बघायच्या. सासू उगाच फुशारक्या मारते, असं त्यांचं मत झालं.

मारतेच मी. का मारू नये? आधी ती काय करते ते नीट ऐका, मग बोला.

दात घासायच्या पेस्टची ट्यूब डोळ्यांसमोर आणा. तिचं तोंड गोल, म्हणून पेस्ट गोल बाहेर येते. तोंड चांदणीसारखं असतं तर चांदणीच्या आकाराचा लांब दांडा बाहेर आला असता. आता ती ट्यूब दाबत दाबत हात हवेतून फिरवा, वर, खाली, वळसा घालून. हात जिथून जिथून गेला तिथे तो दांडा उभा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाइप, वायर, दोर, जिन्याचा कठडा, बकऱ्याचं शिंग, असलं काहीही काढायचं तर दोनच गोष्टी सांगायच्या: तोंडाचा आकार कसला आणि वाट कुठून कुठे. बाकीचा सगळा पृष्ठभाग, उजेड कुठे चमकेल आणि सावली कुठे पडेल यासकट, माझ्या सुनेने लिहिलेला प्रोग्राम काढून देतो. ज्याला हवा त्याने तो उचलावा आणि आपल्या कामात घालावा. अशा उचलून वापरायच्या प्रोग्रामला लायब्ररी म्हणतात. हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, की मग घरी किती दिवस ठेवता येतं. ती हसली नाही. "कायमचं, आई," म्हणाली. तेव्हा ती मला जरा आवडली.

तोवर फारशी आवडत नव्हती, तेही सांगून टाकते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सगळी नोकरी कानाला हेडफोन आणि समोर दिव्यांचा बोर्ड. दिवा लागला की हात तिथे गेलाच पाहिजे, नाहीतर पलीकडचा माणूस ओरडतो. अशा बाईच्या घरात ही आली, एक वाक्य बोलायला अर्धा कप चहा संपवणारी. तेव्हा ती इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका ऑफिसात होती. भिंतीतून पाण्याचे आणि हवेचे पाइप कसे जाणार ते पडद्यावर काढायचं काम. सरळ पाइप सगळ्यांनी वाटून घेतले आणि कोपरे हिच्या गळ्यात मारले. पाइप वळला की कोपऱ्यावर चुरगळायचा, नाहीतर फट पडायची. ही त्या कोपऱ्यांच्या मागे हात धुऊन लागली. पुढे नात झाली, नोकरी सुटली, पण कोपरे काही सुटले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिने घडीचं टेबल मांडलं, त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि बाईसाहेब बसल्या.

मी धुसफुसायचे. ओट्याशी जायचं तर तिच्या खुर्चीमागून अंग चोरून जावं लागायचं. एक दिवस मी म्हणालेच, "काय गं, इतका वेळ त्यात बघतेस तरी काय?" तिने खुर्ची सरकवली आणि मला बसायला जागा दिली. पडद्यावर एकाशेजारी एक तीन वाकडे पाइप होते.

"हा उघडा कोपरा. दोन पाइप नुसते एकमेकांत घुसवलेत. हा छाटलेला, फोटोच्या चौकटीला असतो तसा. आणि हा गोल वळवलेला."

"मग यात एवढं डोकं कशाला घालायचं? गोलच चांगला दिसतो."

"दोराला गोल चांगला, आई. चौकटीला छाटलेलाच हवा. ते मी नाही ठरवायचं, ज्याचा पाइप आहे त्याने ठरवायचं. मी फक्त तिन्ही नीट करून ठेवायचे."

माझ्या उभ्या जन्मात मी कुणाच्या तोंडून असलं वाक्य ऐकलं नव्हतं. आमच्या घराण्यात तर दुसऱ्याचं आपणच ठरवायची रीत. त्या दिवसापासून मी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले.

हळूहळू ती लायब्ररी इंटरनेटवरून लोकांच्या हाती गेली. कुठले कुठले लोक वापरायचे. कोणी खेळातले साप काढायचा, कोणी कारखान्यातल्या नळ्या, कोणी नुसतीच नक्षी. त्यांचे प्रश्न यायचे आणि त्यातली एक तक्रार तर रोजचीच: तुमची लायब्ररी माझ्या पाइपचा पहिला आणि शेवटचा तुकडा खाते. ती खातबित काही नव्हती. वाट सांगायची ती ठिपक्या ठिपक्यांनी, आणि पहिला नि शेवटचा ठिपका तिने मुद्दामच न काढता ठेवले होते. पाइपचं टोक कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहणार, ते त्या ठिपक्यांवरून ठरतं. ते स्वतः दिसत नाहीत, पण ते नसले तर टोकाला कळतच नाही कुठे बघायचं ते. ही प्रत्येकाला हे पहिल्यापासून समजावून सांगायची. मी म्हणायचे, "अगं, वरतीच मोठ्या अक्षरांत लिहून टाक." लिहिलं. तरी लोक विचारायचे. मी असते तर एकेकाला असा झापला असता की पुन्हा पाइप काढायला धजावला नसता. ही मात्र त्याच चवीने उत्तर द्यायची. वर म्हणायची, "त्याच्यासाठी हे पहिल्यांदाच घडतंय ना, आई." एक्स्चेंजमध्ये मला हे कोणी शिकवलं असतं तर माझा आवाज एवढा बसला नसता.

नातेवाईक मात्र त्याला छंद म्हणायचे. लग्नाकार्यात कोणीतरी मानभावीपणे विचारायचंच, "अजून चालू आहे का ते खिडकीतलं?" तिला काही वाटत नसावं असं मला वाटे. वाटत होतं. ते मला कळलं डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा.

या डॉक्टरीणबाई एका मोठ्या संस्थेत नव्या डॉक्टरांना शिकवतात. पोटातलं बघायला कॅमेऱ्याची लवचिक नळी तोंडातून आत सोडतात ना, ती सोडायला शिकवतात. खऱ्या माणसावर हात चालवण्याआधी शिकणाऱ्याचा हात यंत्रावर बसावा, अशी त्यांची योजना होती. हातात नळी खरी धरायची आणि ती आत कशी वळत चालली आहे ते पडद्यावर दिसायचं. पडद्यावरची ती नळी काढायला त्यांना आमच्या हिची लायब्ररी घ्यायची होती. फक्त संस्थेच्या समितीपुढे एकदा दाखवायचं होतं. समितीने हो म्हटलं की तिथून शिकून बाहेर पडणारा प्रत्येक डॉक्टर माझ्या सुनेच्या नळीवर हात बसवून बाहेर पडणार.

फोन ठेवून ती उठली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने त्या तारखेभोवती गोल काढला. या बाईने स्वतःच्या वाढदिवसालाही कधी गोल काढलेला नाही. मी काय ते ओळखलं आणि दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला सांगून आले. काकूंना तर दोनदा सांगितलं.

समितीचा दिवस तोंडावर आला आणि डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, "एक लहानशी गोष्ट सांगायची राहिली. आमच्या नळीवर लांबीभर एक रेघ असते, वरची बाजू कुठली ते कळायला. तेवढी दाखवाल ना?" ही म्हणाली, त्यात काय, दाखवते. आणि खरंच त्यात काही नव्हतं. तिने नळीवर लाल रेघ ओढली आणि नळी वळवायला घेतली. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. नळी आडवी गेली, खाली गेली, मग सरळ उभी वर चढली. आणि जिथे ती अगदी उभी झाली तिथे लाल रेघ टुणकन उडून पलीकडच्या बाजूला गेली.

"उडाली," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा उडाली. वाट बदलून पाहिली. जिथे जिथे नळी उभी, तिथे तिथे रेघ पसार. तिने हात मांडीवर ठेवले. मी शेंगांचं ताट खाली ठेवलं.

काय झालं होतं ते तिने मला नंतर समजावलं. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. नळी म्हणजे एकामागे एक ठेवलेल्या बांगड्या. प्रत्येक बांगडीची वरची बाजू कुठली हे प्रोग्रामला ठरवावं लागतं आणि तो ते 'वर' कुठे आहे ते बघून ठरवायचा. पण नळीच सरळ वर निघाली तर काय? जो स्वतःच वर चाललाय त्याला वरची बाजू कुठली म्हणून विचारून काय उपयोग? तो गोंधळतो आणि पुढची बांगडी पाठमोरी ठेवतो. फार पूर्वी अशा ठिकाणी नळी पिळून आवळली जायची. तेव्हा हिने एक तोड काढली होती: बांगडी कशीही बसू दे, जोडताना जवळच्या जागेला जवळची जागाच जोडायची. नळी गुळगुळीत झाली आणि प्रश्न मिटला असं तिला वाटलं. मिटला नव्हता, झाकला गेला होता. बांगड्या आत पाठमोऱ्याच राहिल्या. तिने तपासायला घेतलेल्या नळ्या सगळ्या गोल आणि एकरंगी. गोल वस्तूची कुठली बाजू कुठे गेली हे कोणाच्या बापाला कळतं? जगभरच्या लोकांनी वापरली, एकाचीही तक्रार आली नाही.

"मी रेघ मारूनच बघितलं नाही कधी," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी चिरंजीव डेपोतून आले. माझा मुलगा बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करतो, आणि त्याला कुठल्याही अडचणीवर बायकोपेक्षा आधी उपाय सुचतो. सगळं ऐकून म्हणाला, "दुरुस्तीला किती लागेल?"

"पाया बदलावा लागेल. परवापर्यंत शक्य नाही."

"मग परवापुरतं एक कर. नळी अगदी उभी नेऊच नकोस. केसभर तिरपी ने. रेघ उडणार नाही. समितीने हो म्हटलं की सावकाश बसून पाया बदल. कोणाला पत्ता लागणार नाही."

मला खरं सांगायचं तर ते पटलं होतं. इमारतभर बोभाटा करून बसले होते ना मी. पण मी तिच्याकडे बघितलं. तिने भाजीचा घास तसाच हातात धरला होता.

"अहो, ज्याच्या हातात ती नळी असेल त्याला रेघ उडालेली दिसेल," ती म्हणाली. "त्याला वाटेल आपला हात फिरला. मग तो हात परत फिरवेल. हात न फिरताच फिरवायला शिकेल. आणि मग एक दिवस खऱ्या माणसाच्या पोटात फिरवेल."

"पण तोवर तू दुरुस्त केलेली असशील."

"असेन. पण त्यांनी हो म्हटलेलं असेल ते एका खोट्या नळीला."

 मी चिरंजीवांच्या ताटात भात वाढला. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात चर्चा झाली नाही.

समितीपुढे जाताना ती म्हणाली, "आई, तुम्हीही चला." माझ्या मनात आलं, पडणार आहे तर साक्षीदार कशाला? पण गेले. संस्थेची खोली लांबट, लांबट टेबल, काचेच्या पेल्यांवर कागदी झाकणं, आणि एसी असा की मी तासभर अंग आखडून बसले. डॉक्टरीणबाई होत्या, आणखी काही माणसं होती आणि मधोमध त्यांचे मुख्य इंजिनिअर साहेब, चष्मा कपाळावर चढवून बसलेले. हिने आधी साधी नळी दाखवली. नळी काय सुंदर वळली म्हणून सांगू. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आता हीच नळी रेघ मारून दाखवते," ती म्हणाली.

तिने वाट मुद्दाम उभी घेतली. रेघ उडाली. तिने थांबून पुन्हा दाखवली, सगळ्यांना नीट दिसावी म्हणून. 

साहेब म्हणाले, "हे नेहमीच असं होत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"गोल नळीवर दिसत नाही. माझ्याही लक्षात परवा आलं. चूक माझी आहे. का होते ते मला कळलंय आणि मी ती दुरुस्त करणार आहे, पण आजच्या घटकेला ही नळी तुमच्या विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नका."

साहेबांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "बाई, तुम्ही आम्हाला ही घ्या म्हणून सांगायला आला होतात ना?"

"हो. पण घेण्याआधी हे बघा म्हणूनही."

मग त्यांनी आपसांत कुजबुज केली आणि शेवटी साहेब म्हणाले, की प्रामाणिकपणाचं कौतुक आहे, पण संस्थेला थांबता येणार नाही. बाजारात मोठ्या कंपन्यांच्या दुसऱ्या लायब्रऱ्या आहेत, त्यांतली एखादी घेऊ. हिने आभार मानले, वायर गुंडाळली आणि आम्ही निघालो.

बसमध्ये माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या साहेबावर, त्याच्या चष्म्यावर, एसीवर आणि सगळ्यांत जास्त हिच्यावर. ही खिडकीबाहेर बघत बसलेली. मी म्हणाले, "कौतुक आहे म्हणे. त्या कौतुकाचं करायचं काय आपण, चाटायचं?" तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते तिचे. मग मी तिचा हात हातात घेतला आणि आमचा थांबा येईपर्यंत सोडला नाही. थांब्यावर उतरताच समोर काकू, हातात पिशवी. "काय झालं, घेतली का?" मी म्हटलं, "नाही घेतली. हिनेच घेऊ नका म्हणून सांगितलं." काकूंना काही समजलं नाही, पण त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की मी फुशारकी मारत नाहीये.

घरी आल्यावर हातपाय गाळून बसेल तर ती माझी सून कसली. दुसऱ्याच सकाळी तिने लायब्ररीच्या पानावर वरतीच लिहून टाकलं: उभ्या वाटेवर रेघ उडते, चूक माझी, दुरुस्त करते आहे, तोवर सांभाळून वापरा. खाली उडणाऱ्या रेघेचं चित्र. काहींनी आभार मानले. एकाने लिहिलं, की इतकी वर्षं बरं चाललं होतं, आता कशाला ढवळलंत. याचं उत्तर मी देते म्हटलं, पण तिने मला कीबोर्डला हात लावू दिला नाही.

आणि पाया बदलायला घेतला. आता बांगडीने 'वर कुठे आहे' हे विचारायचंच नाही. तिने फक्त आपल्या मागच्या बांगडीकडे बघायचं आणि वाट जेवढी वळली तेवढंच वळायचं, जास्त नाही. मागची कशी उभी आहे ते बघून पुढचीने उभं राहायचं. आणि सगळ्यांत पहिली? तिच्या मागे तो न दिसणारा ठिपका होताच, वाट कुठून आली ते सांगायला. त्याच्यावरून एकदा पहिलीला नीट उभी केली की झालं. हे सांगताना ती पहिल्यांदाच जरा हसली. "बरं झालं, लोकांनी ओरडूनही तो काढून टाकला नाही," म्हणाली.

बोलायला सोपं, करायला नाकी नऊ. एक ठिकाण सुधारलं की दुसरीकडे नळी मुरगळायची. वाकड्यातिकड्या वाटांच्या नळ्याच नळ्या तिने करून ठेवल्या, प्रत्येकीवर लाल रेघ, आणि त्या एकामागून एक पडद्यावर फिरायच्या. बघून बघून तिचे डोळे सरावले. सरावलेल्या डोळ्यांना चूक दिसत नाही, हे ती रेघेवरून शिकली होती. मग माझी नेमणूक झाली. दुपारची जेवणं आटोपली की मी स्टुलावर. डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि रेघ उडाली की 'उडाली' म्हणायचं. एवढंच काम. पण दिव्यांच्या बोर्डासमोर जन्म काढलेली बाई मी. कोपऱ्यातला दिवा क्षणभर लागला तरी माझी मान वळते. ती ओट्याशी भांडी घासत असायची आणि मी ओरडायचे, "उडाली." ती ओल्या हातांनी यायची, "कुठे?" मी बोट ठेवायचे. पडदा माझ्या बोटांच्या ठशांनी भरून गेला होता, पण त्यावर ती कधी बोलली नाही. पुढे पुढे माझा आवाज कमी यायला लागला. आणि एके दिवशी मी दुपारभर बसले, सगळ्या नळ्या फिरून संपल्या आणि मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. मी म्हणाले, "तुझं यंत्र बंद पडलंय का गं?" ती म्हणाली, "नाही, आई. झालं." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. हात ओलेच होते. माझी बाही भिजली.

नवी लायब्ररी तिने पानावर ठेवली, काय बदललं ते लिहिलं आणि नेहमीच्या तक्रारींना उत्तरं द्यायला बसली. संस्थेला तिने काही कळवलं नाही. मी सुचवलं होतं. म्हणाली, त्यांनी दुसरी घेतली असेल, त्यांना आता कशाला संकोचात टाकायचं.

घेतली नव्हती. हे कळलं ते डॉक्टरीणबाई आमचे जिने चढून दम खात दारात उभ्या राहिल्या तेव्हा. मी त्यांना पाणी दिलं आणि घडीच्या टेबलापाशीच बसवलं, दुसरी जागाच कुठे आहे? त्यांनी आधी खिडकीकडे बघितलं, मग ओट्याकडे, मग त्या छोट्या टेबलाकडे.

"इथे केलीत?" त्या म्हणाल्या.

"हो," ही म्हणाली. "जरा अडचण आहे."

"आम्ही दोन मोठ्या कंपन्यांच्या आणून बघितल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांनी झकास नळ्या दाखवल्या. समिती खूश. मग मी म्हटलं, आता यावर लाल रेघ मारा आणि उभी न्या. दोन्हींत रेघ उडाली. त्यांना विचारलं तर म्हणाले, वाट जरा तिरपी घ्या, लक्षात येत नाही."

चिरंजीव त्या दिवशी सुट्टीवर होते. ते दारात उभे राहून हे ऐकत होते, आणि मी त्यांच्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

"साहेब त्यांना म्हणाले, आम्हाला हे आधी का नाही सांगितलंत?  मग साहेबांनीच तुमचं पान उघडलं. तुम्ही सगळं लिहून ठेवलंय, चूक कुठे होती, का होती, कशी गेली. त्यांनी तुमची नवी लायब्ररी उतरवून घेतली आणि स्वतः बसून रेघ उडवायचा प्रयत्न केला. उडेना. मला म्हणाले, ज्या बाईंनी आपल्याला घेऊ नका म्हणून सांगितलं, त्यांना आता घ्या म्हणता का ते विचारून या."

हिने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच विचारलं, काय? ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आता घ्या."

त्यांनी घेतली. यंत्र बसलं तेव्हा संस्थेने आम्हाला सगळ्यांना बोलावलं. पांढऱ्या खोलीत एक रबराचा माणूस कुशीवर निजवलेला, त्याच्या तोंडातून काळी नळी, आणि वर मोठा पडदा. पडद्याच्या एका कोपऱ्यात लहान अक्षरांत माझ्या सुनेचं नाव. साहेब भेटले, चष्मा कपाळावरच. त्यांनी शिकणाऱ्यांना सांगितलं, की या संस्थेत इथून पुढे कुठलीही नळी आली तर आधी तिच्यावर लाल रेघ मारून ती उभी न्यायची, मगच बाकीचं बोलायचं. आणि हा नियम या बाईंमुळे झाला आहे. मग हिच्याकडे वळून म्हणाले, "हे सगळं तपासलं कोणी? तुमच्याकडे माणसं किती आहेत?"

"एकच," ती म्हणाली. "या आमच्या आई. रेघ उडाली की सांगायचं काम यांचं."

साहेबांनी नळीचं टोक माझ्या हातात दिलं.  मी नळी आत सरकवली. पडद्यावर ती पुढे गेली, वळली, खाली उतरली आणि सरळ उभी वर चढायला लागली. मी सवयीने तोंड उघडून तयार राहिले. नळी उभी झाली, पुढे गेली, पलीकडे वाकली. लाल रेघ होती तिथेच होती.

 मग सगळ्यांच्या देखत, त्या साहेबांपुढे, डॉक्टरीणबाईंपुढे, माझ्या मुलापुढे मी म्हणाले, "मला तुझा फार अभिमान वाटतो गं." हे मी तिला तिच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. सगळ्या इमारतीला सांगितलं, बसच्या थांब्यावर सांगितलं, तिला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

तिचे कान लाल झाले. ती माझ्याजवळ आली, माझ्या मनगटाखाली हात धरला आणि म्हणाली, "आई, हात सरळ ठेवा. नळी हलतेय."